गजभिये मॅडमची रांग

गजभिये मॅडम जिथे उभ्या राहतात तिथे रांग लागते.

हे मी कौतुकानं म्हणत नाही, घडतं तसं सांगते. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीत एक कायमचं बंद शटर आहे. पूर्वी तिथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं म्हणे. एका रविवारी मी सोल्डरिंगची तार आणायला गेले, तर त्या शटरसमोर मॅडम. हातात कापडी पिशवी, नजर शटरवर, आणि चेहऱ्यावर अशी खात्री की आता कुठल्याही क्षणी आतून कोणीतरी "बोला" म्हणेल. त्यांच्यामागे एक गृहस्थ. गृहस्थांमागे कॉलेजची दोन मुलं. मुलांमागे नारळ-फुलं घेतलेलं एक आख्खं कुटुंब.

"मॅडम, ही रांग कशाची?" मी हळूच विचारलं.

"उभी राहा, कळेल."

मी उभी राहिले. काहीच कळलं नाही. मॅडमना मात्र तेवढ्या वेळात मागच्या गृहस्थांच्या मुलीचं लग्न का मोडलं, मुलाकडचे कसे निघाले आणि हॉलवाल्यानं आगाऊ रक्कम परत द्यायला किती रडवलं, हे सगळं कळलं. शेवटी नारळवाल्या आजींनी "दर्शनाला अजून किती वेळ हो?" असं विचारलं. मॅडम जराही गडबडल्या नाहीत. शटरकडे पाठ केली, चालायला लागल्या आणि ती सबंध रांग आपल्यामागून नेत दगडूशेठच्या खऱ्या रांगेला जोडून दिली. मग स्वतः अलगद बाजूला झाल्या.

"पाहिलंस?" त्या मला म्हणाल्या. "पहिला थर सरळ पाहिजे. बाकीचे आपोआप लागतात."

हा पहिला थर समजायचा तर आमचं काम सांगायला हवं. मी थोडक्यात सांगते. मॅडमना विचारलंत तर जेवणाची वेळ टळेल.

आमची छोटी कंपनी बिबवेवाडीत एका गादी कारखान्याच्या वर आहे. बटण दाबलं की आपला नंबर बदलतील अशी चष्म्याची भिंगं बनवायचा आमचा प्रयत्न चालतो. दोन काचांच्या मध्ये द्रव स्फटिक भरायचा, म्हणजे लिक्विड क्रिस्टल, तुमच्या टीव्हीत असतो त्याच जातीचा. दिसायला पातळ ताकासारखा. त्याचे कण आगकाडीसारखे लांबट. सगळ्या काड्या शिस्तीत झोपल्या तर भिंगातून स्वच्छ दिसतं, नाहीतर धुकं. पण या काड्यांना स्वतःची अक्कल नसते. त्या ज्या थरावर टेकतात त्याच्याकडे बघून झोपतात. तो थर म्हणजे काचेवर दिलेला पॉलिमरचा एक हात, साबणाच्या फुग्याहून पातळ. आणि त्या पॉलिमरला दिशा शिकवतो उजेड. साधा उजेड नाही. तो एका बारीक जाळीतून काढून, त्याच्या सगळ्या लहरी एका दिशेच्या करून मग द्यावा लागतो. या जाळीला मॅडम फणी म्हणतात.

"उजेड विंचरून द्यायचा," त्या पॉलिमरकडे बोट दाखवून सांगतात. "विस्कटलेला उजेड या पोरानं एकदा पाहिला, की मग कितीही तेल लावा."

म्हणून आमची खोली पिवळी आहे. पांढऱ्या उजेडातला निळा भाग पॉलिमरला बिघडवतो, तेव्हा दिवे पिवळे, खिडक्यांना पिवळा कागद आणि आत आलेला प्रत्येक माणूस कावीळ झाल्यासारखा. मोबाइल दारातच पोह्यांच्या जुन्या डब्यात टाकायचा आणि झाकण लावायचं. साठे सर, म्हणजे कंपनीचे मालक, एकदा "माझा महत्त्वाचा कॉल येणार आहे" म्हणाले. मॅडमनी डबा पुढे केला. "येऊ द्या ना. पोह्यांना सांगा निरोप घ्यायला."

मला ही खोली आवडते. पिवळ्या उजेडात कोणाचा चेहरा लाल झालेला कळत नाही.

मी बोलत नाही फारशी. मॅडम दोघींचं बोलतात, काचांशीसुद्धा बोलतात. दिव्याखाली काच सरकवताना "चल, इकडं बघ, लाजून काहून राहिली?" असं चालू असतं. त्या पुण्यात आल्या त्याला जमाना झाला, मराठी अगदी छापील बोलतात, पण आनंद झाला किंवा राग आला की आतलं नागपूर बाहेर येतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला ओव्हन एकोणऐंशीवर ठेवायला सांगितलं. मी इंग्रजी माध्यमातली. एकोणऐंशी ऐकलं की मला आधी ऐंशी गाठायचे असतात, मग चाचपडत एक पायरी खाली यायचं असतं. मी टेबलाखाली बोटांवर मोजत असताना मॅडमनी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ओव्हन ऐंशीवर. "एका अंशानं काय होतं!" म्हणाल्या. फणी केसभर तिरकी झाली तर अख्खा दिवस न जेवणारी बाई!

तर पहिला थर. मॅडमचं म्हणणं असं की जगाचंही काचेसारखंच आहे. सगळ्यांना सरळ करायला जाऊ नये. एक थर नीट लावावा आणि सोडून द्यावं. आता हा थर कुठून आणायचा? तर मॅडम स्वतः होतात.

साठे सरांच्या मुलीच्या लग्नात मॅडम जेवणाच्या रांगेत पहिल्या होत्या. त्यांनी ताट उचललं आणि उलट्या टोकाला, जिलबीपाशी सुरुवात केली. मागचे तीनशे लोक जिलबीपासून मिठाकडे आले. वाढपी गोंधळले, मुलाकडची मंडळी "ही तुमच्याकडची पद्धत वाटतं" म्हणाली आणि साठे सरांना "हो, जुनी आहे" असं म्हणावं लागलं.

सिग्नलवर मात्र थर लागला नाही. मॅडम स्कूटर पांढऱ्या पट्टीच्या मागे उभी करतात, अगदी इंचभरही पुढे नाही. मी मागे बसले होते. डावीकडून, उजवीकडून, फुटपाथवरून सगळे पुढे जाऊन उभे राहिले. एक आजोबा जाता जाता थांबले. "बाई, हिरवा झाला की उठवू का तुम्हाला?"

"पुणेकर स्फटिकात बसत नाही," मॅडम विचार करून म्हणाल्या. "ही खडी आहे."

त्यांचा चष्माही साधा नाही. काचांवर त्यांनी फणीचाच एक पातळ पापुद्रा चिकटवून घेतला आहे. टीव्हीतून, मोबाइलमधून येणारा उजेड आधीच विंचरलेला असतो. त्यामुळे मॅडमनी मान एका बाजूला कलती केली की त्यांना समोरचा पडदा काळा दिसतो. माझ्या लॅपटॉपला अर्धी मान पुरते. मीटिंगच्या खोलीतल्या टीव्हीला डोकं पार खांद्यावर टेकवावं लागतं. साठे सर तक्ते दाखवायला लागले आणि मॅडमचं डोकं खांद्यावर गेलं की आम्ही समजायचं, सर बंद झाले. सरांना वाटतं, बाई तल्लीन होतात. एकदा त्यांनी सगळ्यांना सुनावलं, "ऐकावं कसं, ते मॅडमकडून शिका!"

या सगळ्या गमतीत सप्टेंबरमध्ये एक मीटिंग झाली. सर म्हणाले, चष्म्याच्या एका मोठ्या कंपनीचे पाहुणे दसऱ्यानंतर भिंग बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर ते काम देतील. नाही पटलं तर पिवळी खोली बंद. तिथे भांडार बघणारे जोगळेकर काका चष्म्याच्या फ्रेमचे खोके ठेवतील. मला वरच्या ऑफिसात घेतील, ग्राहकांशी फोनवर बोलायला. मॅडम तर निवृत्त होऊन दर वर्षी मुदत वाढवून घेणाऱ्या. त्यांचं काय, ते सरांनी सांगितलं नाही. टीव्हीवर तक्ता चालू होता. पण त्या दिवशी मॅडमची मान ताठ होती. पूर्ण वेळ.

दसऱ्याला मॅडम नागपूरला जातात, दीक्षाभूमीवर. वडिलांच्या खांद्यावर बसून जायच्या तेव्हापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. "रांग बघायची तर तिथली बघ," त्या मला सांगतात. "कोणी लावायची गरजच नाही. सगळेच पहिला थर. आणि बाप्पा, काय काय बोलतात लोक! मागच्या वर्षी एका बाईनं मला तिच्या विहिरीची गोष्ट सांगितली. पाणी लागेपर्यंत आमचा नंबर आला."

जाण्याआधी त्यांनी पाहुण्यांसाठीच्या काचांना पॉलिमरचा हात दिला, ट्रेमध्ये सुकायला ठेवल्या, पिवळे दिवे तपासले आणि काचांना बजावलं, "मी येईपर्यंत कोणाकडे बघायचं नाही." आल्यावर विंचरलेला उजेड द्यायचा, भिंग जोडायचं आणि पाहुण्यांपुढे ठेवायचं, असा बेत. मलाही सुट्टी देऊन टाकली.

आता जोगळेकर काका. खरेदी, भांडार, चहा आणि देव ही चार खाती त्यांच्याकडे. खंडेनवमीला कंपनीतल्या यंत्रांची पूजा असते. एरवी ती कॉम्प्रेसर आणि झेरॉक्स मशीनवर भागते. या वर्षी काकांनी विचार केला, संकट पिवळ्या खोलीवर आहे, तर पूजा तिथेच व्हायला हवी. मनातला भाव शंभर टक्के शुद्ध. मॅडमच्या दिव्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, टेबलावर नारळ आणि पेढ्यांचं मोठं पितळी ताट ठेवलं. आणि पिवळ्या उजेडात सगळं उदास दिसतंय म्हणून वरून लुकलुकणाऱ्या निळ्या-पांढऱ्या दिव्यांची माळ सोडली. दोन दिवस ती माळ काचांवर लुकलुकत होती.

दसऱ्यानंतर मॅडम आणि मी एकदमच दारात पोचलो. आत डिस्को चालू होता.

मॅडमनी माळेचं बटण बंद केलं. खोली पुन्हा पिवळी झाली. काका मागून आले, हात जोडून, "मॅडम, कशी झालीय रोषणाई?"

"जोगळेकर," मॅडम म्हणाल्या, "माझ्या पोरांना तुम्ही वरातीत नाचवून आणलंत."

"अहो, मंगल आहे सगळं!"

"मंगलच आहे. फक्त विंचरलेलं नाही."

काकांना कारण कळलं तेव्हा ते मटकन स्टुलावर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पिवळ्या उजेडात तेही पिवळंच. "पाहुणे उद्या येणार हो," ते म्हणाले. "पुन्हा काचा सुकवायला वेळ कुठाय? माझ्या हातून खोली गेली."

मॅडमनी त्यांना एक पेढा दिला. मग एक मला दिला. तिसरा उचलताना ताट जरा सरकलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. ताटाखाली एक छोटा ट्रे होता. टेबलावर जागा नव्हती म्हणून काकांनी ताट त्याच्यावरच टेकवलेलं. ट्रेच्या काठामुळे काचांना धक्का नाही, आणि ताटामुळे अंधार गुडुप. आत दोन काचा.

"भिंगाला किती लागतात?" काकांनी घाबरत विचारलं.

"दोनच लागतात ना!" मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की दोघं माझ्याकडे वळून बघायला लागले.

"पूजेनंच बिघडवलं, पूजेनंच झाकलं," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या वर्षी फक्त ताट ठेवा."

दिवसभर आम्ही त्या दोन काचांच्या भोवती होतो. फणी लावली, उजेड दिला, काचा जोडल्या, ताकासारखा स्फटिक आत सोडला. तो कडेकडेनं आत शिरत गेला आणि जिथे पोचेल तिथे निवळत गेला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, सादरीकरण तू करायचंस, तुझं इंग्रजी चांगलं आहे. मी रात्रभर पाठ केलं होतं आणि सकाळी त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. मी उठायच्या आत मॅडम उठल्या. "साठे, मीच बोलते. मला हौस आहे." आणि त्यांनी मराठीत सुरू केलं. पाहुणे सांगलीचे निघाले. त्यांनीही सुटकेचा श्वास सोडला.

भिंग समोर धरून पाहुण्यांनी वर्तमानपत्र घेतलं. अक्षरं धूसर होती. मॅडमनी बटण दाबलं. पाहुणे मोठ्यानं वाचू लागले, "वधू पाहिजे. गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष. चष्मा असल्यास क्षमस्व." खोलीत कोणाला हसू आवरेना. पाहुण्यांच्याही नाकावर चष्मा होता.

"कळवतो," म्हणून ते गेले.

नंतरचे दिवस वाईट होते. मॅडम बोलत होत्या, पण काचा नव्हत्या, त्यामुळे ओव्हनशी बोलत होत्या. शुक्रवारी त्या लवकर निघाल्या. त्यानंतर थोड्याच वेळात साठे सर धावत खाली आले. काम मिळालं होतं. मॅडमना फोन लावला, तर पोह्यांचा डबा वाजायला लागला. मोबाइल तिथेच विसरून गेल्या होत्या.

"तू जाऊन सांग," सर मला म्हणाले.

मॅडमचं घर मी पाहिलं नव्हतं. कंपनीपासून चालत जाण्याइतकं जवळ, दुसऱ्या मजल्यावर. दाराला कुलूप. शेजारच्या काकू कढीपत्ता निवडत दारातच बसल्या होत्या.

"गजभिये बाई? त्या रांगेला गेल्या."

"कशाच्या?"

"ते कोणाला माहीत! रोज संध्याकाळी जातात. कधी दूध, कधी गॅस, कधी बँक. एवढं एकट्या माणसाला काय लागतं, मी तरी विचारत नाही."

मला ते बंद शटर आठवलं. मी रिक्षा करून बुधवार पेठेत गेले. गल्ली नेमकी खोदून ठेवलेली. लोक पलीकडच्या अंगानं, मातीच्या ढिगावरून चालले होते. अलीकडे, बंद शटरसमोर, कापडी पिशवी घेऊन मॅडम उभ्या होत्या. त्यांच्यामागे कोणी नव्हतं.

मी जाऊन मागे उभी राहिले. हाक मारणार होते. पण पावलांचा आवाज ऐकून त्याच बोलायला लागल्या, शटरकडेच बघत, मागे न वळता. रांगेत बोलतात तसं.

"आलात? बरं झालं. आज कोणी येऊनच नाही राहिलं. खड्डा आहे ना."

मी "हं" म्हणाले.

"मी बिबवेवाडीची. एकटीच असते. घरी दोन खुर्च्या आहेत, एकीवर धुतलेले कपडे असतात. रांगेचं कसं बरं असतं. कोणी घरी आलं तर घड्याळ बघतं, निघतो म्हणतं. रांगेतून कोणी निघत नाही. नंबर जाईल ना!" त्या हसल्या. "आता सोमवारपासून दिवसापण यावं लागेल बहुतेक. आमची खोली बंद होऊन राहिली."

मी सांगायला तोंड उघडलं, पण त्या बोलतच होत्या.

"माझं काही नाही हो. माझ्याजवळ एक पोरगी आहे कामाला. बोलत नाही, पण ऐकते फार छान. मी एवढी बडबड करते, कधी घड्याळ पाहिलं नाही तिनं. तिला आता फोनवर बसवणार, लोकांशी बोलायला. मरून जाईल ती. परवा मालक तिला सगळ्यांपुढं इंग्रजीत बोलायला उभी करत होते. मीच उठले. म्हटलं, हौस आहे मला. कसली हौस! मलाच भीती वाटून राहिली होती."

मातीच्या ढिगावरून एक माणूस घसरत अलीकडे आला, पँट झटकत.

"मॅडम," मी म्हणाले, "सोमवारी नव्या काचा येतायत. पन्नास."

त्या वळल्या नाहीत. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"पन्नास?" त्या म्हणाल्या. "ठेवायच्या कुठं? जोगळेकरांना सांग, ताटं आणून ठेवा."

"सांगते."

"आणि तू मागं कधीपासून उभी आहेस?"

"आत्ताच आले."

"हं," मॅडम म्हणाल्या. शटरकडे बघूनच.

मी घरी जायला हवं होतं. आई वाट बघत होती. मी एक पाऊल पुढे सरकले आणि तिथेच उभी राहिले. पँट झटकलेला माणूस आमच्याकडे, शटरकडे, पुन्हा आमच्याकडे बघत जवळ आला.

"ताई, ही रांग कशाची?"

मॅडम उत्तर देतील म्हणून मी थांबले. त्या शटरकडेच बघत राहिल्या.

"उभे राहा," मी म्हणाले. "कळेल."